दशैंच्या सुट्टीत भरणारा वर्ग

नेपाळमध्ये आश्विन शुद्ध प्रतिपदेला घटस्थापना झाली की शाळांना सुट्टी लागते आणि काठमांडूबाहेर पडणाऱ्या बसगाड्या माणसांनी आणि सामानाने टपापर्यंत भरून जातात. दशैं हा तिथला सर्वांत मोठा सण. विजयादशमीला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून कपाळाला तांबडा टिका लावून घ्यायचा, घटात रुजवलेल्या जवाचे पिवळे कोंब, म्हणजे जमरा, डोक्यावर घ्यायचे आणि मग कोजागिरीपर्यंत नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन हाच आशीर्वाद घेत राहायचे, अशी रीत आहे. नेमका हाच काळ हिमशिखरे स्वच्छ दिसण्याचा, म्हणून ट्रेकिंगच्या हंगामाचा, आणि म्हणूनच बालगृहांत ‘शिकवायला’ येणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांचाही असतो. गावातली शाळा कुलूपबंद असते, तिचे शिक्षक आपापल्या घरी गेलेले असतात, आणि बालगृहाच्या पडवीत मात्र दोन आठवड्यांसाठी आलेला पाहुणा इंग्रजीचा वर्ग घेत असतो. ऐन हंगामात मुलांना घरी पाठवले तर वर्गात बसणार कोण, ही बालगृह चालवणाऱ्याची अडचण असते. मुलांना घर आहे का, हा प्रश्न पाहुण्याला सहसा पडत नाही, कारण ती अनाथ आहेत असे त्याला आधीच सांगितलेले असते.

परदेशातल्या ग्रामीण बालगृहात स्वयंसेवक शिक्षक म्हणून जावे का, ही चर्चा आता मराठी घरांतही होते. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतली मुले सुट्टीत जायला पाहतात, नोकरीतून काही महिन्यांची उसंत घेतलेले तिशीतले लोक चौकशी करतात, निवृत्त शिक्षकांना आपला अनुभव कुठेतरी कामी यावा असे वाटते, आणि अमेरिकेत वा ऑस्ट्रेलियात वाढणाऱ्या मराठी मुलांना विद्यापीठाच्या अर्जात समाजकार्याचे तास दाखवायचे असतात. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, खर्च आवाक्यातला असतो आणि हेतू बहुतेकांचा चांगलाच असतो. माझे मत स्पष्ट आहे. शिकवायला जावे, दूरच्या देशात आणि आडगावातही जावे. पण शाळेत जावे, बालगृहात जाऊ नये. मूल जिथे शिकते तिथे पाहुण्या शिक्षकाला जागा असू शकते. मूल जिथे राहते आणि झोपते, तिथे असू नये.

हे मत समजून घ्यायचे तर ती मुले तिथे कशी आली, इथून सुरुवात करावी लागते. १९९६ ते २००६ अशी दहा वर्षे नेपाळमध्ये माओवाद्यांचा सशस्त्र संघर्ष चालला. पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांत घरटी एक माणूस, प्रसंगी किशोरवयीन मूलही, बंडखोरांच्या हवाली करावे लागेल अशी धास्ती होती. तिबेटच्या सीमेला भिडलेल्या हुम्ला जिल्ह्यात तेव्हा मोटाररस्ता पोहोचलेला नव्हता. सिमिकोट या जिल्ह्याच्या ठिकाणी उतरणारे छोटे विमान किंवा अनेक दिवसांची पायपीट एवढेच मार्ग होते. अशा गावांत दलाल येत, मुलांना काठमांडूत ‘बोर्डिंग’मध्ये, म्हणजे खासगी इंग्रजी शाळेत, घालतो असे सांगत आणि त्यासाठी आईवडिलांकडूनच पैसे घेत. लेकरू वाचेल आणि शिकेलही, या आशेने लोकांनी होते नव्हते ते विकून पैसे उभे केले. काठमांडूत पोहोचल्यावर त्यातल्या कित्येक मुलांचे आईवडील कागदोपत्री मृत ठरवण्यात आले, कारण परदेशी देणगीदाराला आणि दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला अनाथ मूल हवे असते. हे कागद इतके बेभरवशाचे ठरले की २०१० साली अमेरिकेसह अनेक देशांनी नेपाळमधल्या बेवारस म्हणून दाखवलेल्या मुलांची दत्तक प्रक्रिया थांबवली.

दत्तक देण्याचा रस्ता बंद झाला तरी बालगृहे बंद झाली नाहीत, कारण तोवर पाहुण्यांचा रस्ता उघडला होता. दशकभरापूर्वी नेपाळमध्ये सुमारे ६०० नोंदणीकृत बालगृहे होती आणि त्यांत सुमारे १६,००० मुले राहत होती. त्या वेळच्या ७५ जिल्ह्यांपैकी काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की आणि चितवन या पाचच जिल्ह्यांत यातली जवळजवळ ९० टक्के बालगृहे एकवटलेली होती. कास्की म्हणजे पोखरा, चितवन म्हणजे गेंडे पाहायला जाण्याचे ठिकाण. सर्वांत गरीब आणि संघर्षात सर्वांत पोळलेले जिल्हे या यादीत नाहीत. पर्यटक जिथे उतरतो ते आहेत. ज्याला ‘ग्रामीण’ बालगृह म्हणून जाहिरातीत दाखवले जाते तेही बहुधा पोखराच्या किंवा चितवनमधल्या सौराहाच्या पर्यटकवस्तीपासून तासाभराच्या अंतरावर, भाताच्या खाचरांच्या कडेला, छान दृश्य दिसेल असे उभे असते. आणि युनिसेफच्या माहितीनुसार तिथल्या मुलांपैकी दहात आठांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात होते. नेपाळ याला अपवाद नाही. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तीही देशातली गरिबी कमी होत असताना. तिथेही चारातल्या तीन मुलांचे आईवडील किंवा त्यांतले एक जिवंत होते. तो काळ तिथे पर्यटनाच्या भरभराटीचा होता.

आता त्या वर्गात काय शिकवले जाते ते पाहू. पोखराजवळच्या एका बालगृहात सातवीतल्या एका मुलीची इंग्रजीची वही मी चाळली होती. पहिल्या पानावर रंगांची नावे होती, पुढे शरीराच्या अवयवांची आकृती, मग प्राणी, मग फळे. त्यात तिच्या गावात कधी न पिकलेली स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरीही होती. काही पानांनंतर पुन्हा रंग, पुन्हा अवयव, पुन्हा प्राणी, फक्त लाल पेनाने दिलेला ‘व्हेरी गुड’ वेगळ्या अक्षरातला. पुढे तिसऱ्याच अक्षरात तेच. प्रत्येक नव्या पाहुण्याने पहिल्या दिवशी श्रीगणेशा केला होता, कारण आधीचा कुठवर पोहोचला याची नोंद कुठेच नव्हती, आणि मुलीनेही ‘हे मला येते’ असे म्हटले नव्हते. वहीच्या शेवटच्या पानांवर मात्र देवनागरी आकड्यांत अपूर्णांकांची गणिते होती, शाळेतून दिलेली. ती अर्धवट सोडलेली होती आणि केलेली बरीचशी चुकलेली होती. तिला छेदाचा लसावि काढून दाखवणारे माणूस हवे होते. दिवसभर घरात तिच्यासाठी ‘शिक्षक’ हजर असूनही ते मिळाले नव्हते, कारण त्या गणितांची भाषा पाहुण्याला वाचता येत नव्हती आणि मुलांना काय अडते हे विचारणे त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते.

आपल्याकडे पहिलीच्या वर्गावर उभे राहायला डी.एड. लागते, टीईटी उत्तीर्ण व्हावे लागते, शाळेच्या बसमधल्या मदतनिसाचीही पोलीस पडताळणी व्हावी असा पालकांचा आग्रह असतो, आणि तो योग्यच आहे. उद्या एखाद्या मराठी शाळेने जाहीर केले की या महिन्यात तिसरीच्या वर्गाला पोर्तुगालहून आलेला विशीतला तरुण शिकवील, त्याला मराठी येत नाही, त्याने पूर्वी कधी शिकवलेले नाही, तो दोन आठवड्यांनी जाईल आणि त्याच्यानंतर दुसरा येईल, तर पालकसभेत काय होईल ते सांगायला नको. तरीही तीच व्यवस्था दुसऱ्याच्या मुलांसाठी, विशेषतः गरीब आणि पालकांपासून दूर असलेल्या मुलांसाठी, आपल्याला दातृत्वाची वाटते. पडताळणीचा मुद्दा केवळ कागदी नाही. मदतीच्या नावाखाली मुलांच्या जवळ पोहोचलेल्या परदेशी नागरिकांना लैंगिक अत्याचाराबद्दल नेपाळच्या न्यायालयांनी शिक्षा दिलेल्या आहेत. पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये पगारी किंवा बिनपगारी कोणतेही काम करता येत नाही, असा नियम आहे. पण तो सर्रास मोडला जातो. भारतीयांना व्हिसाच नसल्यामुळे आपल्या बाबतीत तर चौकशीची ती पहिली पायरीही नाही, आणि म्हणून ती जबाबदारी आपण स्वतःच घ्यायला हवी.

‘पण मुले किती चटकन जवळ येतात!’ हे वाक्य अशा कामावरून परतलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असते. गेटमधून आत पाऊल टाकताच पाच-सहा मुले येऊन बिलगतात, हात धरतात, मांडीवर येऊन बसतात. घरात आईबापांजवळ वाढलेले चार वर्षांचे मूल अनोळखी माणसाला पाहून आधी आईच्या पदराआड जाते, आणि ते निरोगी वाढीचे लक्षण मानले जाते. कोणाही परक्याच्या गळ्यात लगेच पडणे हे अनेकदा ज्याला स्थिर सांभाळणारे माणूस मिळाले नाही अशा मुलाचे वागणे असते. रुमानियात १९८९ नंतर तिथल्या अनाथालयांतल्या मुलांवर जे दीर्घ संशोधन झाले त्यात हे वारंवार नोंदले गेले. २००० साली बुखारेस्टमध्ये सुरू झालेल्या अभ्यासात संस्थेतली १३६ लहान मुले होती. त्यांतल्या निम्म्यांना पालक कुटुंबांत ठेवण्यात आले आणि बाकीची संस्थेतच राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि भावबंध दोन्ही सुधारले, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचे अधिक. नेपाळची बालगृहे त्या काळच्या रुमानियाइतकी भीषण आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दर पंधरवड्याला नवा माणूस येऊन लळा लावतो आणि निघून जातो, ही रचना मुलाला जे शिकवते ते वहीतल्या रंगांच्या नावांपेक्षा खोलवर रुजते. शाळेतल्या शिक्षकाचे जाणे मूल सोसू शकते, कारण संध्याकाळी ते ज्या घरी परतते तिथली माणसे तीच असतात.

आता पैशाविषयी, कारण गाडे खरे तिथेच अडते. स्वयंसेवक स्वतःच्या राहण्या-जेवण्याचे आणि वर ‘प्लेसमेंट’चे शुल्क भरतो, त्यातला एक भाग मध्यस्थ कंपनी ठेवते, एक भाग बालगृहाला मिळतो, आणि घरी परतलेला स्वयंसेवक पुढे मित्रपरिवाराकडून देणग्या गोळा करून पाठवत राहतो. या साखळीत मूल हे उत्पन्नाचे साधन झालेले असते. मुले कमी झाली की पाहुणे कमी, आणि पाहुणे कमी झाले की पैसे कमी. मग एखाद्या मुलाच्या आईचा पत्ता लागला तरी त्याला घरी पोहोचवण्यात संस्थाचालकाचा तोटा असतो. फार व्यवस्थित, रंगरंगोटी केलेली इमारत देणगीदाराला नको असते, हेही चालकांना लवकर कळते. सगळे संस्थाचालक लबाड असतात असे मुळीच नाही. महिन्याचा तांदूळ, डाळ आणि शाळेची फी कुठून आणायची या विवंचनेत असलेला प्रामाणिक माणूसही याच रचनेत सापडतो, आणि त्याने पाहुण्यांना नाही म्हटले तर शेजारचे बालगृह हो म्हणते. म्हणूनच ‘मी चांगले बालगृह शोधून जाईन’ हे उत्तर मला अपुरे वाटते. चांगल्या बालगृहात जाणारा सज्जन स्वयंसेवक हीच त्या साऱ्या बाजाराची सर्वांत विश्वासार्ह जाहिरात ठरते. २५ एप्रिल २०१५च्या भूकंपानंतर नेपाळ सरकारला मुलांना परवानगीशिवाय जिल्ह्याबाहेर नेण्यावर आणि नवी बालगृहे उघडण्यावर बंदी घालावी लागली, कारण जगभरातून मदतीचे हात पुढे येताच दलाल पुन्हा डोंगरात पोहोचतील हे सरकारला पूर्वानुभवाने माहीत होते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. काही मुलांना खरोखरच कोणी नसते. काहींना घरी पाठवणे धोक्याचे असते, कारण तिथे मारहाण असते, व्यसन असते, बालविवाह वाट पाहत असतो. काही मुलांना असे अपंगत्व असते की डोंगरातल्या घराला ते पेलवत नाही. अशा मुलांसाठी निवाऱ्याची गरज राहणारच, आणि नेपाळच्या २०१८च्या बालहक्क कायद्यातही आधी नातेवाईक, मग पालक कुटुंब, आणि शेवटचा पर्याय म्हणून बालगृह, असा क्रम आहे. मात्र ज्या मुलांना कोणीच नाही त्यांना तर येऊन-जाऊन असणाऱ्या माणसांची गरज सर्वांत कमी आहे. त्यांना वर्षानुवर्षे तिथेच राहणारी, त्यांची भाषा बोलणारी, रात्री ताप आला तर उठणारी माणसे हवीत, आणि त्या माणसांना नीट पगार हवा. दोन आठवड्यांच्या प्रवासावर जेवढा खर्च होतो तेवढ्यात स्थानिक शिक्षिकेचे किंवा काळजी घेणाऱ्या ताईचे काही महिन्यांचे वेतन निघू शकते, हा हिशेब जाणाऱ्याने एकदा कागदावर मांडून पाहावा.

कॉनर ग्रेनन या अमेरिकन तरुणाची गोष्ट माझ्या मताच्या विरोधात सांगितली जाण्यासारखी आहे. काठमांडूच्या दक्षिणेला गोदावरी नावाच्या गावात एका बालगृहात तो स्वयंसेवक म्हणून गेला, मुलांमध्ये रमला, आणि पुढे ती मुले अनाथ नसून हुम्लातून दलालाने आणलेली आहेत हे त्याला उमगले. २००६ साली त्याने ‘नेक्स्ट जनरेशन नेपाळ’ ही संस्था उभी केली आणि मुलांचे फोटो घेऊन हुम्लाच्या पायवाटांवरून त्यांच्या आईवडिलांचा शोध घेतला. म्हणजे स्वयंसेवक गेला म्हणूनच हे घडले, असे कोणी म्हणेल. मला त्यातून उलटेच दिसते. त्याच्या हातून जे मोलाचे काम झाले ते तो बालगृहातून बाहेर पडून मुलांच्या घराकडे चालू लागल्यावर झाले, आणि पुढे त्याच संस्थेने बालगृहांतल्या स्वयंसेवेमुळे होणाऱ्या नुकसानीविषयी लोकांना सावध करण्याचे काम हाती घेतले. मुलांना कुटुंबांशी पुन्हा जोडणे हे अतिशय किचकट काम आहे: गावाचे नाव मुलाला अर्धवट आठवते, आडनावे सारखी असतात, वाट दिवसदिवस चालायची असते, आई पहिल्या भेटीत विश्वास ठेवत नाही, आणि मूल परतल्यावरही त्याच्या शाळेची व घराच्या मिळकतीची सोय दोन-तीन वर्षे पाहावी लागते. हे काम नेपाळी समाजकार्यकर्ते करतात, आणि त्यात पाहुण्याला फोटो काढण्याजोगे काही नसते.

मराठी माणसाने शिकवायला जायचे ठरवले तर त्याच्याजवळ एक भांडवल असे आहे जे बर्लिनहून किंवा बोस्टनहून येणाऱ्याजवळ नाही. नेपाळी देवनागरीत लिहिली जाते. शाळेतला फळा, पाठ्यपुस्तक आणि मुलाची वही तो पहिल्या दिवसापासून वाचू शकतो, हिंदीच्या आधाराने बोलू शकतो आणि काही महिन्यांत बऱ्यापैकी नेपाळी शिकू शकतो. नेपाळच्या डोंगराळ भागातल्या सामुदायिक, म्हणजे सरकारी अनुदानावरच्या, शाळांत गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांची चणचण असते, आणि दहावीच्या एसईई परीक्षेत मुले याच विषयांत अडखळतात. तिथे मुख्याध्यापकाच्या हाताखाली, वैशाखात वर्ष सुरू होते तेव्हापासून चैत्रातल्या परीक्षेपर्यंत, स्थानिक शिक्षकाच्या सोबतीने काम करण्याची तयारी असेल तर त्या शाळेला खरा उपयोग आहे. एवढा वेळ नसेल तर शिक्षकांच्या सुट्टीतल्या प्रशिक्षणात हातभार लावता येतो. आपल्याकडच्या निवृत्त गणित शिक्षकांनी हे मनावर घ्यावे असे मला फार वाटते. तेवढाही वेळ नसेल तर पोखराला जावे, फेवाताल पाहावा, होमस्टेमध्ये राहून गावाला चार पैसे द्यावेत आणि बालगृहाचे दार ठोठावू नये.

घरातले मूल घरातच ठेवून शिकवणे किती अवघड असते आणि तरी कसे शक्य असते, हे महाराष्ट्राला माहीत आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या कुटुंबांची मुले शाळेतून सुटू नयेत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना झाली. तिच्यात उणिवा आहेत, पण मूल गावातच, बहुतेकदा आजी-आजोबांजवळ राहावे हा तिचा विचार रास्त आहे. बालसंगोपन योजनेत आधार गमावलेल्या मुलाला संस्थेत टाकण्याऐवजी नातेवाइकाच्या घरी ठेवून त्या घराला दरमहा मदत दिली जाते. ती रक्कम २०२३ मध्ये २,२५० रुपये झाली. हुम्लाच्या आईला मूल दलालाच्या हाती द्यावे लागले ते तिच्याजवळ अशी मदत आणि गावात चालू असलेली शाळा नव्हती म्हणून.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मध्ये मुलांच्या हक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवा कार्यक्रमांमुळे, विशेषतः पर्यटनाच्या संदर्भात, होणारी हानी रोखण्याचे आवाहन केले. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला, त्या चर्चेत अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या तस्करीला शोषण म्हणून मान्यता मिळाली, आणि सरकारने आपल्या तरुणांना अशा सहलींपासून परावृत्त करणारी मोहीमही चालवली. भारतातून बाहेर जाणाऱ्या स्वयंसेवकांविषयी अशी ठोस भूमिका आपल्या महाविद्यालयांनी घेतलेली मला तरी दिसली नाही. ती घेण्यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. परदेशातल्या बालगृहात काढलेले तास समाजकार्याच्या गुणांत धरले जाणार नाहीत, आणि तिथून मिळालेले प्रमाणपत्र ग्राह्य मानले जाणार नाही, असे एक परिपत्रक विद्यापीठांना पुढच्या प्रवेशांच्या आत काढता येईल; परदेशातली मराठी मंडळेही आपल्या मुलांसाठी आखलेल्या सेवासहलींतून बालगृहाची भेट वगळू शकतात.